हॉर्नस्टुलची डबल बेल

स्टॉकहोम, १४ मे १९६७

प्रिय रूने,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. मायकेनने ते कॉफीच्या भांड्याला टेकवून उभं केलं होतं आणि स्वतः भांडी घासायच्या निमित्ताने माझ्याकडे पाठ करून उभी होती. बारा वर्षांत तुझी पहिली खबर. अक्षर अजून तसंच, कोंबडीने पाय ओढल्यासारखं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालंय. "इथे ट्राम राहणार आहे, ड्रायव्हर हवे आहेत. जुन्या नोकरीचा दाखला मागतात. माझ्या दाखल्यावर 'चुकीची बेल दिल्याने कामावरून कमी केले' असं लिहिलंय. खरं काय झालं ते तुझ्या कचेरीत लिहून दे. ३१ ऑगस्टपर्यंत. सप्टेंबरात मला पन्नास पूर्ण होतात, मग घेत नाहीत."

कसा आहेस, काय चाललंय, काही नाही. असो. मी बरा आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगतो. आमच्या पोरीला, गुनेलला, एप्रिलमध्ये बारा पूर्ण झाली. तिचा हट्टीपणा थेट तुझ्यावर गेलाय.

तुम्ही गोथेनबर्गवाले नशीबवान. ३ सप्टेंबरला सगळ्या देशाची वाहतूक रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे जाणार, आणि आमच्या ट्रामची दारं सगळी डावीकडे. म्हणजे उतारू थेट रस्त्याच्या मधोमध उतरणार. तुमच्याकडे दारं फिरवली. आमच्या शहाण्यांनी ट्रामच काढून टाकायची ठरवली. चार नंबरच्या लाइनवर मी चोवीस वर्षं काढली, आता त्रेपन्नाव्या वर्षी मला बस शिकायला पाठवतायत.

दाखल्याचं म्हणशील तर इतकी जुनी फाइल कुठल्या कपाटात असेल कोण जाणे. हेग्लुंडसाहेब सध्या नव्या बसगाड्यांच्या मागे आहेत, त्यांना नाव विचारलं तरी खेकसतात. आणि मी लिहायचं तरी काय? तू डबल बेल दिलीस, मी गाडी सोडली, उतरणाऱ्या सांडेलबाई अजून पायरीवर होत्या, त्या पडल्या. चौकशीच्या कागदात हेच आहे. तूही तिथे बसला होतास आणि एका शब्दाने नाही म्हणाला नाहीस.

पण तू मागितलंयस, तर बघतो काय करता येतं ते. गोदीत पोती उचलून तुझी पाठ गेली असं आपल्या एल्सीकडून कळलं. पाठीला गरम वीट बांधून बघ, आई बांधायची तशी.

हिल्डिंग

स्टॉकहोम, ११ जून

रूने,

उत्तर नाही. ठीक आहे, मी लिहितो. तसंही लहानपणापासून आपल्या दोघांत बडबड्या मीच.

आता माझ्या गाडीवर कंडक्टर एडला असते. नऊ वर्षं झाली. तोंडाने फटकळ, पण तिकिटाला चुकत नाही. माझ्याबद्दल तिची एकच तक्रार आहे. "डबल बेल दिली की निघायला तुला वेगळं आमंत्रण लागतं का रे?" मी बेल ऐकतो, मनात तीन आकडे मोजतो आणि मगच हँडल फिरवतो. सगळ्या लाइनवर सगळ्यात हळू निघणारा म्हणून माझी टिंगल होते. तुला हसू येईल. एके काळी तू मागे आणि मी पुढे असताना आपल्याइतकी चटपटीत जोडी साऱ्या डेपोत नव्हती.

सांडेलबाई दर गुरुवारी भेटतात. हे तुला कुणी सांगितलं नसेल. कमरेचं हाड जुळलं, पण काठी सुटली नाही. फ्रिडहेम्सप्लानला चढतात, बहिणीकडे जायला हॉर्नस्टुलला उतरतात. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी आहे, तिच्याच खाली उभ्या राहून बोलतात.

"तुमच्या भावाची काही खबर?"

"आहे गोथेनबर्गला. बरा आहे."

"त्याला कळवा, माझ्या मनात काही नाही. माणसाचा हात चुकतो. मी तर त्याला कधीच माफ केलंय."

"कळवतो."

"दर वेळी कळवतो म्हणता. कळवता का खरंच?"

मग पर्समधून एक टॉफी काढून माझ्या समोरच्या फळीवर ठेवतात. बारा वर्षं, दर गुरुवारी. मी त्यातली एकही खाल्लेली नाही. सगळ्या गुनेलला देतो. तिच्या दोन दाढा किडल्या.

तर हे मी तुला आज कळवलं. बाई म्हणतात, त्यांनी तुला माफ केलंय.

परवा कचेरीत गेलो होतो. हेग्लुंडच्या दारापर्यंत. आतून टाइपरायटरचा आवाज येत होता, तो थांबायची वाट बघत उभा राहिलो. तो थांबला तेव्हा मी खाली आलो.

हिल्डिंग

स्टॉकहोम, २५ जून

रूने,

मिडसमरच्या सणाला एल्सीकडे गेलो होतो. हेरिंग मासे, नवे बटाटे, आणि मी जरा जास्तच घेतली. आज डोकं दुखतंय, म्हणून हात सैल आहे. हे पत्र वाचून चुलीत टाक.

बसचं शिक्षण सुरू झालं. बूस्ट्रम नावाचा तिशीतला पोरगेलासा मास्तर आहे. आम्हा सगळ्यांना "ट्रामवाले काका" म्हणतो. विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर पिंपं मांडून ठेवलीत, त्यांच्यामधून बस न्यायची, उजवीकडून. "काका, हे चाक फिरवायचं असतं, नुसतं धरायचं नसतं," तो ओरडतो. बरोबर आहे त्याचं. चोवीस वर्षं मी चाक हातात धरलेलं नाही. रूळ नेतील तिथे जायचं. निघायचं कधी आणि थांबायचं कधी, एवढंच ट्रामवाल्याच्या हातात असतं.

आणि बसमध्ये कंडक्टर नाही. तिकीट मीच द्यायचं, दार मीच लावायचं, आरशात मीच बघायचं. पहिल्या दिवशी दार लावलं आणि बसून राहिलो. बूस्ट्रम म्हणाला, "कुणाची वाट बघताय?" मी बेलची वाट बघत होतो.

पिंपं पाडतो मी. सगळी डावीकडची. तू ओळखलंच असशील का ते.

ऑगस्ट बावन्न, आईच्या अंगणात बर्चचं लाकूड फोडत होतो, ढलपी उडून डोळ्यात गेली. फक्त तुला सांगितलं होतं. महिनाभराने डाव्या डोळ्यात नुसतं धुकं राहिलं, आणि वर्षभराने तेही गेलं. तू म्हणाला होतास, सांगून टाक, मागे डेपोत काम देतील. मी म्हणालो, समोरचं तर दिसतंय, ट्राम काही आडवी जात नाही.

खात्याच्या डॉक्टरचं तुला माहीतच आहे. मान खाली घालून लिहीत असतो. "डावा झाका." मी उजव्या हाताने डावा झाकतो आणि वाचतो. "आता उजवा झाका." मी डाव्या हाताने पुन्हा डावाच झाकतो आणि पुन्हा वाचतो. पंधरा वर्षं दरसाल हेच. या सोमवारी बससाठी तपासणी होती. मला वाटलं, आता पकडला जाणार, आणि खरं सांगतो, जरा बरंच वाटलं. पण एका सकाळी साठ जण उरकायचे होते. "डावा झाका. उजवा झाका. पुढचा." बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

आत्तापर्यंत डावीकडे फुटपाथ होता, उतारू होते. आता समोरून येणारी सगळी वाहनं माझ्या डावीकडून येणार, एक मेला डोळा त्यांच्याकडे करून मी साठ माणसं घेऊन जाणार. हे कुणाला सांगू? सांगितलं की पहिला प्रश्न येतो, कधीपासून? आणि कधीपासून म्हटलं की बावन्न साल. आणि बावन्न म्हटलं की पंचावन्नचा फेब्रुवारी मध्ये येतोच. तुझ्या एका कार्डाच्या उत्तरात किती काय ओढून बाहेर येणार आहे, कळतंय ना तुला?

हिल्डिंग

स्टॉकहोम, २३ जुलै

रूने,

थोडक्यात लिहितो.

शेवटच्या शनिवारी, २ सप्टेंबरला, चार नंबरची निरोपाची गाडी चालवायला माझी निवड झाली आहे. पुढे झेंडे, फुलांचा हार, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. हेग्लुंड स्वतः हात मिळवून म्हणाले, "ओलोफसन, बारा वर्षांत एक ओरखडा नाही. दुसरा कोण शोभणार?" मायकेनने माझा गणवेश आत्ताच धुऊन, इस्त्री करून कपाटात लावलाय. गुनेलने शाळेत सगळ्यांना सांगितलंय.

आता मला सांग, या माणसाच्या दारात जाऊन मी काय बोलू? घर खात्याचं आहे. पेन्शनला सात वर्षं राहिली आहेत. मी तुझ्यासाठी काही करत नाही असं नाही, पण तू जे मागतोयस ते बोटभर कागदाचं काम आहे असं तुला वाटत असेल तर तसं नाही.

तू तेव्हाच का बोलला नाहीस? चौकशीत तुला सरळ विचारलं होतं, डबल बेल दिली का. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "माझा भाऊ म्हणतो तर दिली असेल." कोण असं उत्तर देतं? हो म्हणायचं नाहीतर नाही म्हणायचं. ते वाक्य बारा वर्षं माझ्या गळ्यात अडकलंय, ना गिळता येत ना थुंकता. तुला वाटलं असेल, मी निदान त्या क्षणी उठून उभा राहीन.

अर्ज तरी नेऊन ठेवलास का?

हिल्डिंग

स्टॉकहोम, २० ऑगस्ट

रूने,

मी पास झालो. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

काय झालं ते सांगतो. गुरुवारी शेवटची परीक्षा. बसमध्ये बाकीचे शिकाऊ उतारू म्हणून बसलेले, बूस्ट्रम माझ्या शेजारी. थांब्यावर थांबलो, दार उघडलं, दोघं उतरले, दार लावलं. बेल नसते हे आता अंगवळणी पडलंय. उजवा आरसा बघितला, समोर बघितलं, सगळं मोकळं. गाडी सोडली. बूस्ट्रमने हात घालून हँडब्रेक असा ओढला की माझं कपाळ काचेवर आपटलं.

उतरलेला एक जण, तो मंत्री पालमे नव्हे, पालम, सहा नंबरवरचा, छप्पन्न वर्षांचा साधा माणूस, वळसा घालून डाव्या दिव्यापाशी आडवं पडलेलं पिंप सरळ करायला गेला होता. बंपर आणि त्याच्या मांडीत वीतभर अंतर होतं. तो टोपी हलवून हसला. सगळे हसले. "काय काका, पालमचा काही जुना राग?" बूस्ट्रम म्हणाला, आणि कागदावर खूण केली. मी म्हटलं, मला नापास करा. तो म्हणाला, "घाबरलात ना, झालं तर, आता तुम्ही जन्मात विसरणार नाही. मला तीन सप्टेंबरला ड्रायव्हर हवेत, काका, माझ्याकडे माणसं कुठे आहेत?"

विसरणार नाही म्हणे. मी एकदा न विसरून बघितलंय.

म्हणून आता लिहितो. तुला माहीत आहे ते तुलाच लिहितोय, हसू नकोस.

१० फेब्रुवारी १९५५, गुरुवार. आपण चार मिनिटं उशिरा होतो. हॉर्नस्टुलला तू मागच्या पायरीपाशी, मी पुढे. आपल्याला एकमेकांची इतकी सवय झाली होती की तुझा हात दोरीकडे जातोय हे मला न बघता कळायचं, आणि तुझी पहिली बेल वाजते न वाजते तोच मी ब्रेक सोडलेला असायचा. डेपोत लोक घड्याळ लावून बघायला यायचे. या गोष्टीचा मला केवढा माज होता. त्या दिवशी सिग्नल हिरवा झाला आणि मी निघालो. तू बेल दिली नव्हतीस. एकही नाही. तुझी बेल मी मनातच वाजवून घेतली. आरशात बघायला मान पूर्ण वळवावी लागायची, डोळ्यामुळे. ती मी वळवली नाही.

बाईंची किंकाळी आली आणि मग तू दोरी ओढलीस, थांबण्याची, एकदाच, जोरात. बर्फावर त्या एका कुशीवर पडल्या होत्या आणि त्यांच्या पिशवीतली अंडी रुळावर पसरली होती. इन्स्पेक्टर आला. त्याने मला विचारलं, बेल मिळाली होती? नाही म्हटलं असतं तर माझी तपासणी झाली असती, डोळा निघाला असता. मायकेनला सातवा महिना होता. हे सगळं मी तेव्हा विचार करून बोललो असं मला वाटायचं. तसं नाही. विचार मागून सुचला. तोंडातून आधीच निघून गेलं होतं, "मिळाली. डबल मिळाली." मी मागे वळलो तर तू बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास आणि ऐकत होतास.

मी खोटं बोललो, रूने. तुझ्यावर ढकललं. मग दर ख्रिसमसला तुला डुकराच्या मांसाचा डबा पाठवत राहिलो आणि तू तो दर वेळी परत पाठवत राहिलास. मी घरी म्हणायचो, किती आखडू आहे माझा भाऊ.

३१ तारखेला अकरा दिवस आहेत. हे पत्र तू तिथे दाखवलंस तर चालेल. पण भावाने भावाला लिहिलेलं पत्र कोण धरतं, मला माहीत आहे. कचेरीचा शिक्का लागतो. तो मला आणायला हवा. सोमवारी जातो म्हणून तीन सोमवार गेले. जेवण जात नाही. घरात फिरतो आणि दारांना आपटतो, सगळी डावीकडची.

हिल्डिंग

स्टॉकहोम, ३० ऑगस्ट, एक्स्प्रेस टपालाने

रूने,

सोबत कागद आहे. शिक्का आहे, हेग्लुंडची सही आहे, माझी सही आहे. आधी तो घेऊन पळ, हे मग वाच. उद्या त्यांची कचेरी पाचला बंद होते, मी इथून फोन करून विचारलं.

रविवारी रात्रीच्या जेवणाला मायकेनला सांगितलं. गुनेल मैत्रिणीकडे होती. डोळ्याचं सांगायला लागलो तर ती बटाटे सोलत म्हणाली, "ते मला माहीत आहे. पंधरा वर्षं मी तुझ्या उजव्या हाताला चालते, कॉफी उजवीकडे ठेवते. तुला काय वाटलं, मला ती बाजू आवडते म्हणून?" मग मी बेलचं सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. तिने सुरी खाली ठेवली. "म्हणजे रूनेने..." एवढंच म्हणाली आणि उठून गेली. दोन दिवस बोलली नाही. मंगळवारी सकाळी माझा गणवेश कपाटातून काढून खुर्चीवर ठेवलेला दिसला. म्हणाली, "हाच घालून जा. चांगल्या कपड्यात सांग."

हेग्लुंड खिडकीपाशी उभे होते. मी बसलो नाही. डोळा, बेल, चौकशी, सगळं एका दमात सांगितलं, नाहीतर मधल्या एखाद्या स्टॉपवर मी उतरून गेलो असतो. ते खिडकीकडून वळले.

"अहो ओलोफसन, चार दिवस राहिलेत. बारा वर्षं तोंड बंद ठेवलंत, अजून चार दिवस जमलं नसतं?"

"आणि पाचव्या दिवशी बसवर बसलो असतो, साहेब."

"डोळ्याचं समजलं. डोळ्याचं मी बघतो, कुठे गोदामात वगैरे लावता येईल. पण ती जुनी बेल कशाला काढता? ती बंद झालेली फाइल आहे. तिच्याने आता कुणाचं भलं होणार?"

"माझ्या भावाचं. उद्या-परवात."

"आणि तुमचं?"

मी म्हटलं, माझं काही नाही, तुम्ही लिहायला घ्या. टाइप करणाऱ्या बाईंना त्यांनी आत बोलावलं. मी सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. "कंडक्टर रूने ओलोफसन यांनी बेल दिलेली नव्हती" या वाक्याला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नव्हतीच ना? एकही नाही?" मी म्हटलं, एकही नाही. हे वाक्य मोठ्याने बोलायला मला बारा वर्षं लागली आणि त्यांना ते टाइप करायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

बिल्ला आणि गाडीचं सुटं हँडल तिथेच टेबलावर ठेवायला लावलं. डोळा नाही म्हटल्यावर एक दिवसही गाडीवर ठेवता येत नाही, ते बरोबरच आहे. निरोपाची गाडी आता दुसरा कुणीतरी चालवेल. घर नाताळापर्यंत. पेन्शनचं नंतर कळवतील. गुनेलला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे वर्गात मी खोटं बोलले असं होणार." मी म्हटलं, तू नाही, मी.

घरी येताना नेहमीप्रमाणे चार नंबरमध्ये चढलो आणि सवयीने पुढे जाऊन उभा राहिलो. नवा पोरगा म्हणाला, "आजोबा, ड्रायव्हरशी बोलायचं नाही." मी म्हटलं, माहीत आहे.

पळ आता.

हिल्डिंग

स्टॉकहोम, रविवार, ३ सप्टेंबर १९६७

रूने,

कागद वेळेत पोचला की नाही, मला ठाऊक नाही. टपालवाला म्हणाला पोचला असणार. तू काही कळवणार नाहीस हेही मी धरून चाललोय. तरी कालचं तुला सांगायलाच हवं, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

रात्री शेवटच्या गाडीला गर्दी होणार, गाणी होणार, लोक आठवण म्हणून खिळे-पाट्या उपटून नेणार. तिकडे मी गेलो नाही. दुपारी चारची पकडली, साध्या कपड्यांत, मागच्या दाराने. एडला तिच्या जागेवर होती. तिला सगळं कळलेलं होतं, डेपोत काय लपतं? मला वाटलं, आता ही चार शिव्या घालणार. ती म्हणाली, "बस इथे माझ्याशेजारी. नऊ वर्षं पाठीमागून आम्ही काय सोसतो ते बघ जरा." मग तिकिटं फाडत एकदम म्हणाली, "तरीच तीन मोजायचास तू."

फ्रिडहेम्सप्लानला सांडेलबाई चढल्या. शनिवार असून आल्या होत्या, शेवटची म्हणून. आधी काठी, मग त्या. सरळ पुढे गेल्या, ड्रायव्हर दुसराच बघून गोंधळल्या, इकडेतिकडे बघितलं आणि मी दिसलो. पर्स उघडून टॉफी हातात घेतलीच होती.

"तुम्ही मागे कसे? आज तर तुमचा सत्कार व्हायचा होता."

गाडी वेस्टरब्रूवर चढली. पूल लांब आहे, मध्ये स्टॉप नाही, कुणाला उतरता येत नाही. तिथेच सांगितलं. तुझा हात चुकलेला नव्हता, माझा चुकला होता, आणि मग मी खोटं बोललो. बाई ऐकत राहिल्या. खाली पाण्यावर शिडाच्या होड्या होत्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसाला माफ करत होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही दर गुरुवारी ऐकून घेत होता."

"हो."

त्यांनी टॉफी पुन्हा पर्समध्ये टाकली आणि खटका लावला. "ओलोफसन, मी सत्तर वर्षांची आहे. आता पहिल्यापासून सुरुवात करायला माझ्याकडे बारा वर्षं नाहीत. तुमच्या भावाचा पत्ता लिहून द्या." मी एडलाच्या तिकिटामागे लिहून दिला. तेव्हा तुला त्यांचं पत्र येईल. काय लिहितील मला सांगता येणार नाही.

हॉर्नस्टुल आलं. बाई उठल्या. मी हात द्यायला गेलो तर म्हणाल्या, "नको." एडलाने माझ्याकडे बघितलं, मग दोरीवरचा हात काढून घेतला आणि म्हणाली, "दे तू." चोवीस वर्षांत मी ती दोरी कधी हातात धरली नव्हती. तुझ्या हातातली ती गोष्ट. घामाने, मळाने काळी झालेली, मध्ये जरा गुळगुळीत.

पुढे सिग्नल हिरवा होता. बाईंनी काठी खाली टेकवली. मग चांगला पाय. मग बराच वेळ काही नाही, दांडा धरून नुसत्या उभ्या. मागून कुणीतरी म्हणालं, चला की. सिग्नल पिवळा झाला, लाल झाला. मग दुसरा पाय खाली आला. दांडा सोडला. दोन पावलं बाजूला झाल्या. मला त्यांचे दोन्ही बूट रस्त्यावर दिसले, मान पूर्ण वळवून बघितले. सिग्नल पुन्हा हिरवा झाला. तेव्हा मी दोरी ओढली. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा.

आणि पुढे बसलेला तो पोरगा, मला आजोबा म्हणालेला तोच, त्याचं नावही मला माहीत नाही, रूने. आपला हिरवा सिग्नल एकदा येऊन गेला होता, मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी दोरी ओढेपर्यंत तो हँडलवर हात ठेवून नुसता थांबला होता.

हिल्डिंग